महिन्याला एक चाल

आयर्लंडमधल्या एनिसला राहायला आल्यापासून महिन्याला एक नवी रील किंवा जिग (आयरिश नाचाच्या चाली) पाठ करायचीच, असं ठरवलंय. पाठ म्हणजे कानाने; सेशनला, म्हणजे पबमधल्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, समोर कागद ठेवायला मला संकोच वाटतो. शिकागोचे माजी पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०७ मध्ये १००१ आयरिश चाली छापल्या, तो संग्रह मी अडलं तरच उघडते.

सध्या एक जिग चालू आहे. पहिला भाग भांडी घासताना गुणगुणूनच बसला. दुसऱ्यात टिन व्हिसलवर (धातूची छोटी सहा भोकांची बासरी) सी नॅचरल हा सूर येतो: सगळ्यात वरचं भोक मोकळं, त्याच्या लगेच खालची दोन बंद, आणि तिथेच बोटं अडखळतात. पबमध्ये चाल बहुधा तीनदा वाजते, की मंडळी न थांबता पुढच्या चालीवर! नवख्यासाठी कोण खोळंबतंय? बरंच आहे म्हणा. पुढच्या महिन्यात नऊ मात्रांची स्लिप जिग घेणार.