दार नसलेला तट

एज ऑफ एम्पायर्स या कॉम्प्युटर गेमच्या पहिल्या भागात भिंतीला दारच नव्हतं. म्हणजे खाणीतून दगड आणायचा, गावाभोवती मस्त तट बांधायचा, शेवटचा तुकडा बसला की हुश्श करायचं, आणि मग दिसायचं की लाकूडतोडीला गेलेले चारपाच जण बाहेरच राहिलेत. आता त्यांना आत कसं घ्यायचं? तर आपल्याच तटाचा एक तुकडा सिलेक्ट करून डिलीट मारायचा, दुसरा इलाज नाही. दरवर्षी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना सगळ्यात आधी दरवाजा कुठल्या बाजूला यावरून भांडणारी पोरं आम्ही, आम्हाला हे काही केल्या झेपायचं नाही. महादरवाजा नाही तो किल्ला कसला? मग आम्ही तटात एक फट ठेवायचो आणि फटीत एक शिपाई उभा करायचो. तो तिथून हलला की खेळ खल्लास.

हा गेम 1997 चा. अमेरिकेत डॅलसला एन्सेम्बल स्टुडिओज म्हणून कंपनी होती तिनं बनवला, विकला मायक्रोसॉफ्टनं. दुसरा भाग, एज ऑफ किंग्ज, आला 1999 मध्ये. खरं तर इंजिन तेच वापरायचं आणि एका वर्षात उरकून टाकायचं असा त्यांचा बेत होता पण लागली दोन वर्षं, म्हणून मधल्या 1998 च्या ख्रिसमसला काहीतरी दुकानात दिसावं यासाठी पहिल्याचंच रोमवालं एक्सपान्शन, म्हणजे जोडपुरवणी, काढलं. म्हणजे रोमन लोक गेममध्ये आले ते वेळ मारून न्यायला. रोमचा इतका अपमान कार्थेजनं पण केला नसेल.

तर दुसऱ्या भागात दार आलं. साधं दार नाही, आपला माणूस जवळ गेला की आपोआप वर जाणारं, मागून बंद होणारं, आणि हवं तर कुलूप घालता येणारं. आणि आपला व्हिलेजर, म्हणजे गावातला कामकरी माणूस, आत शिरताना दार उघडलेलं असतं त्या दोन सेकंदात शत्रूचे घोडेस्वार त्याच्या मागून आत घुसणार, हेही आलंच. लोक दोन भागांची तुलना करताना ग्राफिक्स सांगतात, कॅसल सांगतात, प्रत्येक संस्कृतीचं वेगळं सैन्य सांगतात, ते सगळं खरं आहे, पण मला विचाराल तर खरा फरक या दारानं पडला. दार आलं म्हणजे आत आणि बाहेर आलं, आत म्हटलं की घर आलं, आणि घर आलं की ते सांभाळण्याची काळजी आली. दुसऱ्या भागातल्या निम्म्या सुधारणा या काळजीच्याच आहेत बघा.

टाऊन सेंटरची, म्हणजे गावातल्या मुख्य इमारतीची, घंटाच घ्या. हल्ला आला की ती वाजवायची, की शेतातला, खाणीतला, मेंढरांजवळचा प्रत्येक जण हातातलं काम टाकून जवळच्या इमारतीत पळत सुटतो आणि आत जाऊन तिथूनच बाण मारायला लागतो. एका टाऊन सेंटरमध्ये पंधरा जण मावतात. मग हल्ला ओसरला की परत घंटा, आणि सगळे आपापल्या कामावर. ज्याची कुऱ्हाड ज्या झाडापाशी थांबली होती तो बरोबर तिथंच जातो हो, मला अजूनही ते बघायला आवडतं. पहिल्यात असलं काही नव्हतं. तिथं हल्ला आला की व्हिलेजर लोकांनी मोकळ्या मैदानात पळायचं आणि पळता पळता मरायचं, लपायला घर नाही. घरं होती, पण ती नुसती लोकसंख्येचा आकडा वाढवायला, एका घराला चार माणसं, जास्तीत जास्त पन्नास. आणि आठवून बघा, पहिल्यात बायकाच नव्हत्या! अख्खं गाव बाप्यांचं. दुसऱ्यात व्हिलेजर बायका आल्या, शेती करायला, दगड फोडायला, वेळ पडली तर धनुष्यबाणानं रानडुक्कर मारायला पण.

म्हणून मला वाटतं पहिला गेम गावाचा नव्हताच मुळी, तो भटक्यांचा होता. सुरुवातीला तीन व्हिलेजर आणि एक टाऊन सेंटर, टेहळणी करणारा स्काऊट नाही, घोडा नाही, सगळा नकाशा काळाकुट्ट. जेवण कुठे आहे ते एका व्हिलेजरलाच पाठवून बघायचं आणि तो अंधारात शिरला की समोर हरीण येईल का सिंह येईल का मगर येईल काही सांगता यायचं नाही. हत्तीत तीनशे फूड, म्हणजे दोन हरणांएवढं, पण एकट्यादुकट्यानं त्याच्या वाटेला गेलं तर हत्ती मरत नाही, आपलाच माणूस जातो. मग चारपाच जण गोळा करून भाले फेकायचे, हत्ती पडला की लक्षात यायचं स्टोरेज पिट, म्हणजे माल साठवायचं कोठार, लांब आहे, मांस तिकडे सडतंय, मग तिथेच नवीन पिट बांधा. जिकडे शिकार तिकडे वस्ती. पाषाणयुग वाटायचं खरोखर, आणि याच्यात अर्धा वाटा गेमच्या गरिबीचा होता हे मान्य. बराकीतून एका वेळी एकच शिपाई काढायचा, तो निघाला की दुसऱ्याचं बटण दाबायचं, रांग लावायची सोय नंतर रोमवाल्या एक्सपान्शनमध्ये आली. रिकामा बसलेला व्हिलेजर शोधून देणारं बटण नाही. पन्नास माणसांना पुलासारख्या अरुंद जागेतून पाठवलं की ती एकमेकांना धडकत तिथंच नाचायची. बोलायची सगळ्यांची भाषा एकच, इजिप्तचा असो का जपानच्या यामातोचा, तेच ते ‘रोगन’. दुसऱ्यात फ्रँक वेगळं बोलतो, मंगोल वेगळं, जपानी वेगळं.

पण दुसऱ्यानं एक वाट लावली ती पण सांगतो. घर आलं तसा घरचा टाइमटेबल आला. आता सुरुवातीला आठ मेंढ्या टाऊन सेंटरच्या आसपास ठरलेल्या, रानडुकरं दोन ठरलेली, प्रत्येकात 340 फूड. एका व्हिलेजरनं डुकराला दोन बाण मारायचे आणि घराकडे धूम ठोकायची, डुक्कर मागे लागतं, टाऊन सेंटरपाशी मेंढ्या कापत बसलेले बाकीचे त्याला लोळवतात, पळणारा आत शिरून वाचतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा भारी वाटलं होतं. पण पुढं कळलं की हे डुक्कर कितव्या मिनिटाला आणायचं तेही ठरलेलं आहे, कितवा व्हिलेजर लाकडावर, कितवा बेरीवर, पाठ करून ठेवलंय लोकांनी. सायबर कॅफेत शेजारच्या पीसीवरचा दादा ओरडायचा, ‘अरे लूम कर आधी, लूम!’ (लूम म्हणजे व्हिलेजर जास्त मार सोसेल अशी टाऊन सेंटरमधली सुधारणा.) आणि मला नकाशाचा कोपरा बघायचा असायचा. पहिल्या गेममध्ये असं ओरडणारं कोणी नव्हतं कारण कोणालाच धड काही माहीत नव्हतं. आता दादा बरोबर होता, लूम न करता डुकराच्या वाटेला गेलेला व्हिलेजर मरतो. तरीही.

चीट कोडबद्दल दोन्ही भाऊ सारखेच. पहिल्यात ‘बिगडॅडी’ टाइप केलं की रॉकेट मारणारी काळी गाडी, दुसऱ्यात ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ लिहिलं की मशीनगनवाली कोब्रा. जोन ऑफ आर्कच्या मोहिमेत कोब्रा घेऊन इंग्रजांना तुडवलं नाही असा माणूस मला भेटायचाय.

आज बघितलं तर निकाल कधीच लागलाय. एन्सेम्बल 2009 मध्ये बंद झाली, पण दुसरा भाग मरायला तयार नाही. 2000 च्या एक्सपान्शननंतर तेरा वर्षांनी, 2013 मध्ये त्याला नवीन अधिकृत एक्सपान्शन मिळालं आणि तेही मुळात खेळणाऱ्यांनीच हौसेनं बनवलेल्या मॉडमधून, त्यात आपले इंडियन्स आले, मग 2022 मध्ये त्यांचे तुकडे करून हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड, गुर्जर. (मराठे का नाहीत असं कोणीतरी विचारतंच. अरे बाबा, या गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाशी संपतो, महाराजांचा जन्म 1630 चा.) पहिल्याची पण नवी आवृत्ती 2018 ला आली होती, ग्राफिक्स चकाचक, पण लोक थोडे दिवस खेळले आणि परत दुसऱ्याकडे गेले. शेवटी 2023 मध्ये काय केलं, तर पहिला गेमच उचलून दुसऱ्याच्या इंजिनमध्ये बसवला, डीएलसी म्हणजे डाउनलोड करायची पुरवणी म्हणून. थोरला भाऊ धाकट्याच्या घरी राहायला गेला.

तरी एक गोष्ट थोरल्याचीच राहिली. पहिल्यातला पुजारी हात वर करून ‘वोलोलो’ म्हणायचा आणि समोरचा लाल शिपाई बघता बघता निळा, म्हणजे शत्रूचा आपला, व्हायचा. दुसऱ्यातल्या मंकचा मंत्र वेगळाच आहे, पण तो कोणाच्या तोंडी बसला नाही, तिथंही लोकांना वोलोलो ऐकायचं तर टॉन्टमध्ये, म्हणजे समोरच्याला चिडवायच्या तयार आवाजांमध्ये, 30 नंबर दाबावा लागतो. 2022 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या किल्ल्यात एज ऑफ एम्पायर्सची मोठी स्पर्धा झाली, बक्षिसं, कॉमेंट्री, प्रेक्षक सगळा थाट, जगातले मोठे मोठे खेळाडू दुसरा भाग खेळायला बसलेले. आणि स्पर्धेचं नाव काय, तर रेड बुल वोलोलो.