तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यात उरकलं तर चालेल का?

मी न्यूजर्सीत हायस्कूलला गणित शिकवते हे कळलं की मराठी आईबाबांकडून एक प्रश्न हमखास येतो. रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये येतो, गणपतीत आरती झाल्यावर येतो, व्हॉट्सॅपवर तर येतोच. "ताई, अल्जिब्रा टू मध्ये ए आहे, मग प्रीकॅल्क उन्हाळ्यात ऑनलाइन उरकून जुनियर इयरलाच एपी कॅल्क्युलस घेऊ दे ना? आमच्या वेळी तर हा विषयच नव्हता."

(प्रीकॅल्क म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा तयारीचा विषय, जुनियर इयर म्हणजे इथली अकरावी, आणि एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स.) माझं उत्तर बहुतेक वेळा "नको" असतं, आणि ते पार्किंगमध्ये दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

आधी ते "आमच्या वेळी" घेऊ. नाव नव्हतं, पण विषय होताच. महाराष्ट्र बोर्डाचं अकरावीचं आत्ताचं पुस्तक बघा, त्रिकोणमिती, फंक्शन्स, सीक्वेन्स सगळं आधी येतं, मग लिमिट आणि डेरिव्हेटिव्हची, म्हणजे बदलाच्या वेगाची, तोंडओळख होते, आणि बारावीत डेरिव्हेटिव्ह परत येतं, इंटिग्रेशनही येतं. म्हणजे तयारी आणि कॅल्क्युलस दोन वर्षं एकमेकांत मिसळलेले असतात. इथे तसं नाहीये. इथे अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क, मग कॅल्क्युलस, असं एकेका वर्षाला एकेक, आणि कॅल्क्युलसच्या टीचरला मागचं परत शिकवायला वेळ नसतो कारण मे महिन्यात एपीची परीक्षा येऊन ठेपते. त्यामुळे जे वर्ष गाळलं त्यातलं पुढे कुणी परत शिकवत नाही.

आता मुख्य गोष्ट. कॅल्क्युलसच्या वर्गात मुलं कॅल्क्युलसमुळे अडकतात असं मला फार कमी दिसतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे त्यांना कळतं हो, दोन बिंदू जवळ आणत गेलो की त्यांना जोडणारी रेघ हळूहळू स्पर्शिका होते, हे चित्र दाखवलं की पोरांचे डोळे चमकतात. अडकतात त्याच्या पुढच्या ओळीत. समजा एफ ऑफ एक्स म्हणजे एक्स वर्ग वजा ३ एक्स. त्याचं एफ ऑफ एक्स अधिक एच काढ म्हटलं की चांगल्या चांगल्या मार्कांची मुलं मूळ फंक्शनच्या शेवटी नुसतं "अधिक एच" चिकटवतात, नाहीतर एक्स वर्ग अधिक एच वर्ग लिहून मोकळी होतात. अ अधिक ब चा वर्ग, मधला दोन अब, तुम्ही आठवीत घोकलेला, तोच इथे हरवतो. तो मधला २ एक्स एच असला तरच पुढे वजाबाकी करून, एचने भागून २ एक्स अधिक एच वजा ३ उरतं, आणि एच शून्याकडे नेला की २ एक्स वजा ३. तो नसेल तर पोराला वाटतं की आपल्याला कॅल्क्युलस जमत नाही. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण ते खरं नसतं.

असंच फंक्शनच्या आत फंक्शनचं. साइन ऑफ एक्स वर्ग आणि साइन वर्ग एक्स यातला फरक ज्याला बघताक्षणी दिसत नाही, आत कोण, बाहेर कोण, आधी काय होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याला चेन रूल, म्हणजे अशा फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम, हा नुसता पाठ करायचा मंत्र होतो. चेन रूल एका दिवसात शिकवता येतो, पण आत-बाहेर ओळखायची नजर यायला महिने लागतात, आणि ते महिने प्रीकॅल्कमध्येच मिळतात.

आणि रेडियन! उन्हाळी कोर्समध्ये हे बहुतेक "१८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन, या फॉर्म्युल्याने बदला" एवढ्यावर संपतं. घरी कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून साइन ०.०१ काढा आणि ०.०१ ने भागा, साधारण ०.०१७४५ येईल. रेडियन मोडवर तेच करा, जवळजवळ १ येईल. कारण रेडियन म्हणजे कंसाची लांबी भागिले त्रिज्या, त्यामुळे कोन अगदी लहान असला की साइन आणि कोन जवळपास सारखेच होतात, आणि साइनचं डेरिव्हेटिव्ह स्वच्छ कोसाइन येतं ते याच्यावरच उभं आहे. डिग्रीत केलं तर प्रत्येक वेळी पाय भागिले १८० हा गुणक मागे लागतो. हे मुलांनी स्वतः वर्तुळ काढून, दोरा लावून बघावं लागतं, व्हिडिओ दीडपट स्पीडने बघून ते होत नाही.

मला प्रीकॅल्कमध्ये सगळ्यात आवडतो तो बदलाचा वेग शिकवायचा भाग. आपली कळशी घ्या, तळाशी लहान, पोटात रुंद, गळ्याशी अरुंद. नळ एकाच धारेने चालू आहे, तर पाण्याच्या उंचीचा ग्राफ कसा दिसेल? आधी भरभर चढेल, मग मंदावत जाईल, पोट ओलांडलं की परत वेग घेईल. ज्या मुलीने हा ग्राफ फॉर्म्युल्याशिवाय काढला आणि तो कुठे वळण बदलतो ते बोटाने दाखवलं, तिला पुढच्या वर्षी सेकंड डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वेग स्वतः कसा बदलतो ते, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने २०२३ पासून एपी प्रीकॅल्क्युलस सुरू केलं, पहिली परीक्षा मे २०२४ ला झाली, त्यात या बदलाच्या वेगावर चांगला भर आहे आणि ते मला मनापासून पटलं.

मग कुणीच गाळू नये का? गाळावं ना, पण मार्क बघून नाही. मुलाला समोर बसवा, वरचं एफ ऑफ एक्स अधिक एच करायला द्या, (एक्स वर्ग वजा ४) भागिले (एक्स वजा २) याच्या ग्राफवर २ पाशी काय होतं ते विचारा (तिथे भोक असतं, रेघ आभाळात जात नाही, आणि का ते त्याने सांगायला हवं), लॉगच्या आत बेरीज असेल तर ती फोडता येते का (येत नाही) ते विचारा. हे सगळं न अडखळता, कारणासकट सांगत असेल तर खुशाल पुढे जाऊ दे. अशी मुलं असतात, त्यांना अडवू नये.

बाकीच्यांसाठी घाई कशाला? गणित शिक्षकांच्या दोन मोठ्या अमेरिकन संघटनांनी, एमएए आणि एनसीटीएमने, २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलंय की बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं हे शालेय गणिताचं अंतिम ध्येय नाही, पाया पक्का होणं हे आहे. शिवाय सिनियर इयरला कॅल्क्युलस घेणारं मूल मागे पडलेलं नसतं, ते अगदी वेळेवर असतं.

आणि मुलगा किंवा मुलगी नंतर एपी कॅल्क्युलस बीसी, म्हणजे एपी कॅल्क्युलसचा जास्त भाग असलेला कोर्स, घेणार असेल तर टीचरला एक आवर्जून विचारा. एपी प्रीकॅल्कचं चौथं युनिट, पॅरामेट्रिक, व्हेक्टर, मॅट्रिक्स, हे परीक्षेला नसतं, त्यामुळे ते सहज राहून जातं. पण बीसीमध्ये पॅरामेट्रिक आणि व्हेक्टर दोन्ही लागतात. इथे न्यूजर्सीत शाळा जूनपर्यंत चालते, परीक्षा मे महिन्यातच होऊन जाते, तर मधल्या आठवड्यांत ते युनिट घेणार का, एवढं विचारा.