मृत्यूचं कारण घरी परत नेताना

आमच्याकडे खेड्यातली बरीच माणसं अजूनही घरीच किंवा दवाखान्याच्या वाटेवर दगावतात. ग्रामपंचायतीत नोंद होते, पण कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘म्हातारपण’, ‘अचानक’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्या मेडिकल कॉलेजचा पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभाग आणि परदेशातल्या एका विद्यापीठाची आरोग्यविज्ञान शाखा मिळून याच रकान्यावर काम करतात. मी त्या अभ्यासात मुलाखती घेते.

या पद्धतीला मौखिक शवपरीक्षण म्हणतात. शेवटच्या आजारात जवळ कोण होतं, काय काय झालं, हे घरच्यांना विचारायचं. आधी टॅबवरचे हो-नाहीचे प्रश्न असतात, मग अर्धं पान मोकळं असतं, त्यात घरचे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. हे कागद दोन डॉक्टर एकमेकांशी न बोलता वाचतात आणि कारणाचा कोड लिहितात. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा निर्णय देतो.

ही गोष्ट पावसाळ्यानंतरची आहे. तिकडच्या विद्यापीठाच्या संख्याशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. ते मोकळं पान काढून टाकावं असा त्यांचा प्रस्ताव होता. त्या पानाचं टायपिंग, भाषांतर यातच वेळ आणि पैसा जातो, आणि संगणकाचा प्रोग्रॅम तर हो-नाहीच्या उत्तरांवरूनही कारण सुचवतो. त्यांचा मुद्दा पैशाच्या हिशोबानं बरोबरच होता. फील्ड पाहायला त्या आमच्या गाडीतून पांढरकवड्याच्या पुढे एका गावात आल्या.

घराच्या अलीकडेच आशाताईंनी मला थांबवलं. “मॅडम, त्या घरी जपून इचारा. पोरानं औषध घेतलं होतं.”

यवतमाळच्या कापूसपट्ट्यात ‘औषध घेतलं’ म्हणजे फवारणीचं विष पिऊन जीव दिला, हे कुणालाच वेगळं सांगावं लागत नाही. मुलगा अठराचा, ऐन फवारणीच्या दिवसांत गेलेला. गावानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आईबापांनी ना म्हटलं, पण रात्री धडधाकट निजलेला पोरगा दिवस उगवायच्या आत कशानं गेला, याचं दुसरं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. पोलीस केस होईल या भीतीनं पोस्टमार्टमही केलं नव्हतं.

संमतीपत्र वाचून दाखवलं. वडिलांनी सही केली आणि ते दाराशी पाठ टेकून बसले, शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. प्रश्न सुरू झाले. ताप? नाही. उलटी? हो. पोटदुखी? हो. श्वासाला त्रास? हो. झटके? नाही. विषबाधा? आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “लोक म्हन्तेत.” टॅबमध्ये या उत्तराला जागा नाही.

मग मी टॅब बाजूला ठेवला आणि म्हटलं, “काकू, आता तुम्हीच सांगा. त्या रात्रीपासून.”

“रातच्याला जेवला, मोबाईल पायत छपरीत निजला. खालीच, वाकय टाकून. कोंबडं आरवायच्या आंधी उठला न् म्हने, आई, पोट लय दुखून रायलं. म्या ओवा देल्ला, तं ओकला. मंग म्हने मले एकाचे दोन दिसून रायले. जीभ जड झाली त्याची. मी म्हनलं डोये उघड, तं पापन्या उचलेच ना जी. म्या बोटानं उघडले. आयकत होता सारं. हात दे म्हनलं तं मूठ दाबे माही.”

मी लिहीत होते. पेन चालूच ठेवावं लागतं, नाहीतर सांगणारा थांबतो.

“तोंडाला वास होता का?”

“कायचाच नाई. मी तोंडाले तोंड लावून पायलं. फवाऱ्याचा डब्बा तं कोपऱ्यात शिलबंद होता, हे बी पायलं माह्या डोयानं. पन कोन आयकते?”

“घाम, झाडा?”

“नाई.”

“अंगावर कुठे चावल्याची खूण?”

“कुठंच नाई, बाई.”

नाल्याला पूर होता. ट्रॅक्टरवर घालून निघाले, आणि रस्त्यातच त्याचा श्वास बंद पडला.

कीटकनाशक पोटात गेलं की बहुतेक वेळा घाम फुटतो, लाळ सुटते, जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होतात, आणि वास तर घरभर असतो. या पोराच्या बाबतीत त्यातलं काही नव्हतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात कळ, एकाचे दोन दिसणं, पापण्या मिटत जाणं, जीभ अडखळणं आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडणं, हे मण्यार साप चावल्याचं चित्र आहे. मण्यार रात्रीची फिरते. तिचे दात इतके बारीक की चावा पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. नाग चावला तर माणूस ओरडत उठतो. मण्यार चावलेल्याला कित्येकदा आपल्याला काही चावलंय हेच कळत नाही.

हे मला समजत होतं आणि तरी मी तिथे बोलू शकत नव्हते. मुलाखत घेणाऱ्यानं कारण सांगायचं नाही, हा नियम आहे, आणि तो योग्य आहे. मी डॉक्टर नाही. परतताना संख्याशास्त्रज्ञ बाईंना मी ते अर्धं पान ओळीओळीनं इंग्रजीत सांगितलं. वासाच्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं आणि ती पुन्हा सांगायला लावली.

कागद वाचणाऱ्या दोन डॉक्टरांचं जुळलं नाही. एकानं ‘एक्स ६८’ लिहिलं, म्हणजे कीटकनाशक घेऊन आत्महत्या. दुसऱ्यानं ‘एक्स २०’, म्हणजे विषारी सापाचा दंश. तिसऱ्या डॉक्टरांनी मोकळं पान वाचून ‘एक्स २०’ कायम केलं. नुसती हो-नाहीची उत्तरं पुढे गेली असती तर काय झालं असतं, हे त्या बैठकीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पान राहिलं. टायपिंगचा खर्च दोन्ही संस्थांनी वाटून घेतला.

याच पद्धतीनं देशभरात झालेल्या अभ्यासामुळे भारतातल्या सर्पदंशाचा खरा आवाका कळला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. दवाखान्यांच्या नोंदींवरून हा आकडा कधीच दिसला नसता, कारण यातले बहुतेक लोक दवाखान्यात पोचतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. या सगळ्याच्या मुळाशी कुणाच्या तरी ओसरीवर बसून लिहून घेतलेली अशी पानं आहेत.

पण माझं मन त्या घरात अडकलं होतं. कोड संगणकात गेला, आणि त्या आईला मात्र गाव अजून तेच ऐकवत होतं. मी विभागात म्हटलं, हे त्यांना कळलं पाहिजे. अडचण खरी होती. मौखिक शवपरीक्षण हे हजारो मृत्यूंचा एकत्र अंदाज बांधण्यासाठी आहे, एका माणसाबद्दल ते पुरावा ठरत नाही. उद्या चुकीचं कारण कुणाच्या घरी सांगितलं तर? नीतिशास्त्र समितीत यावर बराच खल झाला. तिकडच्या विद्यापीठाच्या समितीनंही लेखी प्रश्न पाठवले. शेवटी परवानगी मिळाली ती अशी: घरच्यांना ऐकायचं असेल तरच, डॉक्टरांनीच, आणि ‘सगळ्यांत शक्य कारण’ एवढ्याच शब्दांत. संमतीपत्रात आता तसा वेगळा प्रश्न आहे, आणि भागीदार विद्यापीठानं तो आपल्या इतर ठिकाणच्या कामातही घेतला. या सहकार्यातून शोधनिबंध निघतील, निघावेतही, पण मला सर्वांत मोलाचा हा एक प्रश्न वाटतो.

आमचे डॉक्टर गेले तेव्हा मी सोबत होते. त्यांनी सांगितलं, “काकू, खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही जे सांगितलं त्यावरून त्याला साप चावला असावा. औषध घेतल्यासारखं काहीच दिसत नाही.”

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, “म्या म्हनतच होती.”

वडील पहिल्यांदा बोलले. “हे लेखी भेटंन काय?” शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाला दोन लाखांची मदत आहे, त्याच्यासाठी ते विचारत असतील असं मला वाटलं. लेखी देता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ते सांगणं फार जड होतं. पण त्यांचा विचार दुसराच होता. “मंग गावात सांगा. साऱ्याइच्या समोर.”

त्याच संध्याकाळी आशाताईंनी शाळेच्या पडवीत माणसं जमवली. डॉक्टरांनी कुणाचं नाव न घेता मण्यारीबद्दल सांगितलं: पावसाळ्यात बाजेवर निजा, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा, भिंतीलगत पऱ्हाट्यांचा ढीग ठेवू नका. मधेच वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, “माह्या पोराले हेच झालतं. त्यानं औषध नोयतं घेतलं.” कुणी काही बोललं नाही. पुढे बसलेल्या एका बाईनं विचारलं, “डाक्टरसायब, खूनच नसंन, तं वयखाचं कसं?”

“पहाटे पोट दुखतंय आणि पापण्या जड होतायत, एवढंच पुरे,” डॉक्टर म्हणाले. “खूण शोधू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. लगेच १०८ लावा आणि सांगा की साप चावला असावा, जिथे सापावरचं इंजेक्शन आणि कृत्रिम श्वासाचं मशीन आहे तिथेच न्या. वाटेत श्वास बंद पडायला लागला तर गाडीतल्या फुग्यानं श्वास देत राहायला सांगा. माणूस मेल्यासारखा दिसला तरी त्याला ऐकू येत असतं, आणि तो वाचू शकतो.”