सोळा हॉपर, दोन इंजिनं आणि ब्लू रिजचा चढ

रविवारी रात्री अकराच्या सुमारास माझ्या मॉडेल रेल्वेवरची कोळशाची गाडी सोळाच्या सोळा हॉपर (कोळसा वाहणारे उघडे डबे) घेऊन चढ चढून गेली. एकही चाक रुळावरून उतरलं नाही. लगेच परत खाली आणून पुन्हा चढवली, कारण पहिल्या वेळी माझाच विश्वास बसला नव्हता. गणपतीपासून याच एका चढाशी झटापट चालली होती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: लेआउट ठाण्यातल्या ११ बाय १० फुटांच्या खोलीत आहे. भिंतीच्या कडेने फळी, स्केल एचओ, म्हणजे १:८७. जागा व्हर्जिनियातल्या रोअनोकच्या पूर्वेकडची, रेल्वे नॉरफोक अँड वेस्टर्न, आणि काळ ऑक्टोबर १९५७. तारखेच्या बाबतीत मी हट्टी आहे. सगळी अमेरिका डिझेलकडे वळली तरी ही कंपनी वाफेला धरून होती. धंदाच कोळशाचा, मग इंधन घरचंच. शिवाय इंजिनं ती रोअनोकच्या स्वतःच्या कारखान्यात बनवायची. पहिली डिझेलं १९५५ मध्ये आली. १९५८ मध्ये स्टुअर्ट सॉन्डर्स कंपनीचे अध्यक्ष झाले आणि वारं फिरलं, मे १९६० मध्ये मोठ्या वाफेच्या इंजिनांचा खेळ आटोपला. म्हणून १९५७. झाडं लाल-पिवळी आणि मुख्य मार्गावर अजून धूर.

पोकाहोंटास भागातला कोळसा नॉरफोक बंदराकडे जाताना रोअनोक सोडलं की ब्लू रिजचा चढ लागायचा, सुमारे १.२ टक्क्यांचा. आपल्या बोरघाटाचा १:३७, म्हणजे २.७ टक्के, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथल्या कोळशाच्या गाड्या इतक्या जड असायच्या की मागून इंजिन लावल्याशिवाय भागत नसे. लहानपणी आजीकडे पुण्याला जाताना कर्जतला बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं इंजिन, लागायचा. तो लागल्याचा धक्का शेवटच्या डब्यात बसायचा आणि हातातला वडा शर्टावर पडायचा. व्हर्जिनियातला हा चढ निवडण्यामागे खरं कारण तो धक्काच असावा.

आता रडगाणं. माझा चढ २ टक्क्यांचा आहे, कारण चार मीटरमध्ये आठ सेंटिमीटर वर गेलं नाही तर खालच्या लपवलेल्या रुळांवरून पूल जात नाही. पुढे एक वाय-६बी (याच रेल्वेचं अवजड वाफेचं इंजिन), मागे दुसरं वाय-६बी, मध्ये सोळा हॉपर. खिडकीजवळच्या वळणावर दर वेळी आठवा-नववा हॉपर उचलला जायचा आणि बाहेरच्या बाजूला कलंडायचा. सुरुवातीला पावसाला शिव्या घातल्या. प्लायवूड फुगून एका सांध्यात उंचवटा आला होताच, तो घासून सपाट केला. फरक शून्य. मग दोन्ही इंजिनांचे वेग जुळवले: सीव्ही २, ५ आणि ६ (इंजिनातल्या डिकोडर चिपमधल्या वेगाच्या सेटिंग) यांचे आकडे बदलत दोन रात्री गेल्या. मागच्या इंजिनाचं बॅक-ईएमएफ (मोटरचा वेग आपोआप कायम राखणारी सोय) बंद केलं, नाहीतर दोघंही आपापला वेग सांभाळायला जातात आणि मधले डबे चेपले जातात. यानंतर नवव्याऐवजी अकरावा हॉपर पडायला लागला. याला प्रगती म्हणायची तर म्हणा.

शेवटी स्वयंपाकघरातला काटा आणला. एक भरलेला हॉपर ७४ ग्रॅम! अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेची शिफारस अशी आहे: एचओमध्ये प्रत्येक डब्याला एक औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझा हॉपर साडेपाच इंच, म्हणजे पावणेचार औंस, सुमारे १०६ ग्रॅम. बत्तीस ग्रॅम कमी, आणि दोष माझाच. आत फोमचा तुकडा आणि त्यावर इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या लाकडी कोळशाचा चुरा लावला होता. तो हलका तर होताच, दिसायलाही चुकीचा, राखेसारखा निस्तेज. खऱ्या दगडी कोळशाला तुटलेल्या कडेवर चकाकी असते.

उपाय टायरवाल्याकडे सापडला. चाकाच्या बॅलन्सिंगसाठी पाच-पाच ग्रॅमचे चिकटणारे तुकडे मिळतात, ते प्रत्येक हॉपरच्या तळाशी सहा बसवले. सोळा हॉपरांचे शहाण्णव झाले. टायरवाल्याने विचारलं, ‘‘ट्रक आहे का, साहेब?’’ दगडी कोळसा एका लोहाराने मूठभर फुकट दिला, तो खलबत्त्यात कुटून गाळला. (खलबत्ता नवा घ्यावा लागला, का ते विचारू नका.)

गंमत पुढे आहे. डबे हलके होते तेव्हा पुढचं इंजिन एकटंच सगळी गाडी ओढत होतं. मागच्याला कामच नव्हतं, म्हणून ते नुसतं ढकलाढकली करायचं. वजन भरल्यावर पुढचं इंजिन वळणावर जागच्या जागी चाकं फिरवायला लागलं. मागून दुसरं जोडलं की गाडी सरळ चढते. इतके दिवस मी बँकर शोभेला लावत होतो, आता तो लागतोच.

आवाजही दुरुस्त केला. डिकोडर एकाच इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या सिलिंडरांच्या दोन भकभकींची सरमिसळ वाजवत होता. तसा आवाज याच कंपनीच्या ए वर्गाच्या इंजिनांना शोभतो. वाय-६बी कंपाउंड आहे, म्हणजे तीच वाफ दोनदा वापरतं. वाफ आधी मागच्या २५ इंची सिलिंडरांत काम करते, तीच पुढे ३९ इंची सिलिंडरांत जाते आणि मगच धुराड्यातून सुटते. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला चारच भकभक, संथ आणि जड. नवीन सेटिंगवर तो आवाज ऐकून बायको दाराशी येऊन उभी राहिली. ‘‘हे बरं आहे, आधीचं मिक्सरसारखं वाटायचं,’’ म्हणाली.

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच: बिग बॉय कधी आणतोस? अहो, ते प्रसिद्ध अवाढव्य वाफेचं इंजिन युनियन पॅसिफिक रेल्वेचं, वायोमिंगकडचं. व्हर्जिनियात त्याचं काय काम? आणि ताकदीचाच हिशोब करायचा तर बिग बॉयची ओढ १,३५,३७५ पौंड. वाय-६बी मात्र गाडी सुटताना चारही सिलिंडरांना ताजी वाफ देऊन चालवता येतं, तेव्हा त्याची १,५२,२०६. दिसायला कुरूप, हे मान्य. चाकंही जेमतेम ५८ इंची. पण मला त्याचा तो बैठा, खांदे पाडलेला चेहरा आवडतो.

डोंगराचं काम मात्र रेंगाळलंय. ओकची झाडं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची केली आहेत, खाली पडलेली पानं म्हणजे चाळलेली चहाची पूड. मेपलचा लाल अजून कुंकवासारखा दिसतोय, त्यात थोडा तपकिरी मिसळावा लागेल.

मोठा प्रश्न शिखरावरचा आहे. तिथे मागचं इंजिन सोडून परत खाली पाठवायचं तर एक क्रॉसओव्हर (शेजारच्या रुळावर जायचा जोडमार्ग) हवा, आणि मी रूळ टाकताना ती जागाच ठेवली नाही. सध्या बँकर पार लपवलेल्या यार्डापर्यंत गाडीबरोबर जातो, जे साफ चूक आहे. क्रॉसओव्हर घालायचा तर पुस्तकांचं कपाट नऊ इंच सरकवावं लागेल. कपाट माझं नाही. बोलणी चालू आहेत.