कपडे का घालायचे? म्युनिकच्या बालवाडीतलं उत्तर

आपल्याकडे अंघोळ झाल्यावर पोर उघडंच घरभर पळालं की कुणीतरी हमखास टाळ्या वाजवत "शेम शेम" म्हणतं. पोर लाजतं आणि मुकाट्याने चड्डी चढवतं. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये, जिथे आम्ही राहतो, हा उपाय फार दिवस टिकत नाही. इथल्या इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेत श्योनफेल्डवीझे नावाचं कुरण आहे. तिथे विवस्त्र होऊन ऊन खात पडायला अधिकृत परवानगी आहे, आणि माणसं पडलेलीही असतात. बाजूच्या रस्त्याने सायकली जातात, आईस्क्रीम खात कुटुंबं जातात, कुणी मान वळवून बघत नाही. माझ्या चार वर्षांच्या लेकीने एका आजोबांकडे बोट दाखवून विचारलं, "आई, यांना कुणी शेम शेम करत नाही?" तिला पटेल असं उत्तर मला तिथल्या तिथे सुचेना.

किटातल्या, म्हणजे इथल्या बालवाडीतल्या, बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोलात मुलांनाच विचारलं, माणसं कपडे का घालतात? थंडी वाजते. उन्हाने कातडी भाजते. जंगलात गोचीड चावते. (हे इथल्या पोरांना तोंडपाठ असतं. इथल्या बव्हेरिया राज्यातल्या गोचिडीमुळे मेंदूचा आजार होऊ शकतो, म्हणून रानात जाताना लांब पँट आणि ती मोज्यांत खोचलेली.) आग विझवणारा कोण ते ओळखू यायला पाहिजे. ऑक्टोबरफेस्टच्या जत्रेला लेडरहोजन, म्हणजे चामड्याची पारंपरिक चड्डी, घालायची असते. एक मुलगी म्हणाली, माझा फ्रॉक सुंदर आहे म्हणून. बाईंनी एकही उत्तर चूक ठरवलं नाही. लाज हा शब्द त्या गोलात निघालाच नाही, याचं मला फार नवल वाटलं.

इथे मुलांना हे कुणी भाषण देऊन शिकवत नाही, रोज करून घेतात. चिखलात खेळायची एक पँट असते, मात्शहोजं. रबरासारखी, छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे, आणि तळाशी एक इलॅस्टिक, जे गमबुटाखालून अडकवायचं म्हणजे पाणी आत शिरत नाही. प्रत्येकाच्या खुंटीला एक लटकलेली, आत नाव लिहिलेलं. पाऊस असो, बर्फ असो, पोरं बाहेर जाणारच. हवा खराब नसते, कपडे चुकलेले असतात, ही इथली म्हण आजीपासून बस ड्रायव्हरपर्यंत कुणीही ऐकवतं. मात्शहोजं चढवून माझी लेक डबक्यात बसते, अक्षरशः बसते, आणि तासाभराने आतून कोरडी ठाक बाहेर येते. चिखलासाठी खास कपडा शिवणाऱ्या लोकांचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्या मुंबई-कोकणातल्या पावसात किती पोरांना "भिजशील, आत ये" एवढंच ऐकायला मिळतं!

आणि हे सगळं मुलांनी स्वतः घालायचं. बाई शेजारी बसून राहतात, हात लावत नाहीत. जाकीट घालायची युक्ती तर बघण्यासारखी. ते जमिनीवर उघडं पसरायचं, आतली बाजू वर आणि टोपी आपल्या पायांकडे. मग वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकायचं. दोन-अडीच वर्षांची पोरंही हे करतात. नुसतं बाहेर पडायला अर्धा तास जातो, पण कुणाला घाई नसते.

आता कुणी म्हणेल, पुण्यात एवढा वेळ आहे कुणाकडे? नाहीच. सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न देत असताना मुलीला बटणं लावत बसू द्यायला जमत नाही, आणि त्यासाठी तिथल्या आयांना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. शिवाय कारण सांगून कपडे घालायची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. संक्रांतीला काळं घालतात, कारण काळा रंग ऊब धरतो, हे माझ्या आजीने मला बोरन्हाणाच्या वेळीच सांगितलं होतं. तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं म्हणून पहिली झबली जुन्या सुती साडीची शिवतात. यात कुठे आहे लाज?

ती येते नंतर, आणि जास्त करून मुलींच्या वाट्याला. भाऊ उघडा फिरतो, बहिणीला मात्र "मुलीच्या जातीने" सुरू होतं. हे मला माझ्या घरात नको आहे. पण पाहुण्यांसमोर अंगात काहीतरी असावं, हे मी लेकीला शिकवते आणि शिकवत राहीन. खुद्द किटातही उन्हाळ्यात पाण्यात खेळताना सगळ्यांनी चड्डी घालायचीच असा नियम आहे. कुंपणापलीकडे रस्ता आहे, कुणीही फोटो काढू शकतं. मुलांना एवढंच सांगितलेलं असतं, तुझं अंग तुझं आहे, अनोळखी माणसाने ते बघायचं कारण नाही. आपल्या शाळांतही आता 'गुड टच, बॅड टच' शिकवतात, ते याच वाटेवरचं आहे.

खटका उडाला तो करदोड्यावरून. घसरगुंडीवर अडकून गळा आवळू नये म्हणून किटात गळ्यातल्या माळा, लांब मफलर चालत नाहीत. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीची नाडीसुद्धा नसावी, असं मानकच आहे. माझ्या आईने लेकीच्या कमरेला बांधलेला काळा करदोडाही काढा म्हणाले. मी ऐकलं नाही. तो कमरेला आहे, कपड्यांच्या आत आहे, अडकणार कुठे? बाईंनी लेकीलाच विचारलं, हा कशासाठी? "ओमाने बांधलाय," ती म्हणाली. आजीने, एवढंच. बाईंनी वहीत तशी नोंद केली आणि करदोडा राहिला.