सरांच्या पिशवीतले 'उपासना संगीत'

शाळेच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा मैदान, प्रार्थनेची घंटा आणि डबा खाण्याची चिंचेखालची जागा हे सारे डोळ्यांपुढे उभे राहिले. पण प्रत्यक्ष लिहायला बसलो तेव्हा सातवीच्या वर्गातला मराठीचा एक तासच पुनःपुन्हा आठवत राहिला. आपल्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी काय केले आणि मराठीला काय दिले, याची मला पहिली ओळख त्या तासाला झाली.

आमचे मराठीचे सर ख्रिस्ती होते. त्यांचे आजोबा नेवासे तालुक्यातील एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते आणि रविवारी तेच प्रचारक म्हणून उपासना चालवीत. अमेरिकन मराठी मिशनच्या त्या काळात जिल्ह्यातील कितीतरी गावांत ही दोन्ही कामे एकच माणूस करी. गावकुसाबाहेरच्या ज्या मुलांना दुसऱ्या कोणत्याही शाळेची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या हाती पहिली पाटी अशा मास्तरांनी दिली, हे सर कधी मोठ्याने सांगत नसत. पण आजोबांचा विषय निघाला की त्यांचा आवाज हळू होई.

त्या दिवशी 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता होती. सरांनी फळ्यावर पृथ्वी वृत्ताचे लघु-गुरू मांडले आणि मग पुस्तक मिटून 'क्षणोक्षणी पडे, उठे परि बळे, उडे बापडी' ही ओळ म्हटली. 'पडे' म्हणताना त्यांचा हात खाली येई आणि 'उठे' म्हणताना तो मोठ्या कष्टाने वर जाई. बाणाने घायाळ झालेली ती पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे कशी जात असेल, हे आम्हांला त्या हाताच्या हालचालीतच दिसले. तास संपायला आला तेव्हा सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे, कडा झिजलेले एक पुस्तक काढले. ते मराठी ख्रिस्ती मंडळीचे 'उपासना संगीत' होते. त्यातील एका गीताखालच्या नावावर त्यांनी बोट ठेवले. ना. वा. टिळक. पाठ्यपुस्तकातील कवितेखालीही तेच नाव होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावात एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतरचे बरेचसे आयुष्य आपल्या नगरात घालविले. त्यांनी धर्मप्रचार केला, 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले आणि अनेक तरुण कवींना घरी आसरा दिला. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. पण मला टिळकांचे सर्वांत मोठे काम वाटते ते वेगळेच. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळीत बहुतांशी परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायिली जात. टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती अभंगात आणि ओवीत आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

याचा अर्थ मला कळला तो माझ्या आजीमुळे. आमचे घर वारकरी. नाताळच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात सर कीर्तन करीत, कारण नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची परंपरा टिळकांच्याही आधीपासूनची आहे. एका वर्षी मी हट्टाने आजीला घेऊन गेलो. पेटी आणि तबला लागला, सरांनी हातात चिपळ्या घेतल्या आणि अभंग सुरू झाला. आजी नकळत मान डोलावू लागली, मग टाळ्यांवर ठेका धरू लागली. कीर्तन संपल्यावर ती सरांजवळ जाऊन म्हणाली, "मास्तर, देव तुमचा असंल, पण चाल आमची हाय." सरांनी वाकून तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, आमच्या टिळकांनी ती तुमच्याकडूनच घेतली."

हे घेणे फार जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि तिथल्या साष्टी भागात राहून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेला रत्नांमधील हिऱ्याची आणि फुलांमधील मोगरीची उपमा देणाऱ्या त्यातील ओव्या आज शाळकरी मुलेही म्हणतात. मात्र त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती आणि लोकांची जुनी पुराणे हिरावून घेतली होती, हे त्या ओव्या म्हणताना विसरता येत नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश छापला, तोही पंडित वैजनाथ यांच्या मदतीने. उपदेश करायला आलेल्यांना आधी शिष्य व्हावे लागले, हे मला यात महत्त्वाचे वाटते.

सगळेच प्रचारक टिळकांसारखे नव्हते. आरंभीच्या अनेक पुस्तिकांमध्ये हिंदू देवदेवतांची जी टवाळी आहे ती वाचताना आजही मन दुखावते आणि ती दुखवावी अशाच हेतूने लिहिली होती. त्याला उत्तरेही तशीच ठाम मिळाली. विष्णुबावा ब्रह्मचारींनी 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घातले आणि ऐकायला मोठा समुदाय जमत असे. धर्म बदलणाऱ्याच्या घरावर काय ओढवे, ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि पुढे 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती मंडळीत 'साक्ष देणे' असा एक शब्दप्रयोग आहे. आपल्या आयुष्यात काय घडले आणि आपण का बदललो, हे चार माणसांसमोर उभे राहून खरे खरे सांगायचे. मला वाटते, मराठी गद्यावर प्रचारकांचा सर्वांत खोल ठसा या साक्षीतून उमटला. विधवांचे हाल मांडणारे 'यमुनापर्यटन' 1857 साली लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात स्वतःच्या मनाची घालमेल सांगितली. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती तर नवऱ्याचे दोष, स्वतःची भीती, सोवळ्याओवळ्याची ओढ यांतील काहीही न लपविता. लग्न झाल्यावर अक्षरे शिकलेल्या बाईने इतके स्वच्छ मराठी लिहावे, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते.

नगरविषयी लिहिताना सिंथिया फेरार यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1827 साली मुंबईला आलेल्या या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने पुढे नगरला मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. 1862 साली फेरारबाई नगरलाच वारल्या. त्यांनी किती जणींना बाप्तिस्म्यापर्यंत नेले, याची मोजदाद आज कोणी करीत नाही. त्यांच्या शाळांकडे पाहून पुण्यात जी शाळा निघाली, ती मात्र साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

सर निवृत्त झाल्यावरही मी त्यांच्याकडे जात असे. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात, जानेवारी 2020 मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले ती बातमी ऐकायला सर राहिले नव्हते, याची मला हळहळ वाटली. गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने ते काळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक माझ्या हाती दिले. ते मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणले आहे. टिळकांच्या अभंगांच्या पानांवर समासात सरांनी पेन्सिलीने राग आणि ताल लिहून ठेवले आहेत. आजी ज्या अभंगावर टाळ्या वाजवीत होती, त्याच्याजवळ 'भीमपलास' एवढेच लिहिले आहे आणि त्याखाली बारीक अक्षरात आजीचे वाक्य, तिच्याच बोलीत.