वार नको, पाळी ठेवा

आज दिवसभर पाऊस, त्यात लाइट नाही. अभ्यासाची एकच बैठक झाली. तरी कुठला विषय बुडाला नाही, कारण विषय वाराला बांधलेलेच नाहीत, एका फिरत्या यादीतून पाळीनं येतात. बेळगाव-खानापूरकडं मुलांना घरी शिकवणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

गणित, मराठी वाचन आणि कन्नड रोज. कन्नड फिरत्या यादीत अजिबात टाकू नका. घरात मराठी बोलणारं मूल चार दिवसांत कन्नड जोडाक्षरं विसरतं. रोजची 15 मिनिटं पुरतात.

बाकीचे एकाखाली एक लिहा: विज्ञान, इतिहास, विज्ञान, भूगोल, चित्रकला. विज्ञान दोनदा, कारण प्रयोग आणि त्याची नोंद एका बैठकीत मावत नाही. रोज 40 मिनिटांच्या दोन बैठका धरल्या तर अडीच दिवसांत फेरी होते. थांबलात तिथं कपड्याचा चिमटा लावा, उद्या तिथूनच पुढं. सुट्टी पडली, पाहुणे आले, तरी चिमटा जागेवर.

बिघडतं ते यादी लांबली की. आठ विषय आणि रोज एकच बैठक असेल तर इतिहासाची पाळी दीड आठवड्यानं येते. तोवर 1824 ची कित्तूरची लढाई पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. पाचसहाच्या वर जाऊ नका. नावडता विषय आला तर बैठक 20 मिनिटांची करा, पण चिमटा पुढं उडवू नका.

एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी द्यायची असेल (किमान वय 14), तर शेवटचे तीन-चार महिने ही फिरती यादी बंद ठेवून परीक्षेच्या तारखांप्रमाणे आखणी करा.